द्राक्षांच्या कडपा

कटंगीच्या आठवडी बाजारात मला ओळखणारी माणसं दोन प्रकारची आहेत. काही म्हणतात, "ही वंदना, कॉलेज शिकलेली." बाकीचे म्हणतात, "ही वंदना, दारूच्या बागेतली." दोन्ही माझ्याबद्दलच आहे आणि दोन्हींची मला लाज नाही. दुसऱ्यात मी एवढीच दुरुस्ती करते की बागेत दारू नसते. बागेत द्राक्षं असतात.

आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं. कटंगी राज्याच्या सीमेपलीकडे, हिंदी मुलखात, म्हणून शेतीची पदवी मी हिंदीतून घेतली. मराठी घरची, म्हणजे आजोळकडची अर्धी भंडाऱ्याची आणि उरलेली कटंगीची. लिहिताना कुठं तिचा सूर लागला तर तो बदलू नका, असं मी या अंकाच्या संपादकांना आधीच सांगून ठेवलं आहे.

पदवीनंतर काही वर्षं मी नाशिककडच्या बागांमध्ये काम केलं. मग आमच्याच भागातल्या एका राइस मिलवाल्या शेठजींना हौस आली. तिकडची एक बाग पाहून आले आणि म्हणाले, आपण इथं लावू. सगळीकडे धान, आणि मध्येच तारांवर चढवलेले वेल. लोक रस्त्यावर सायकल थांबवून बघायचे. शेठजींचं डोकं फिरलं, असं गावाचं मत पडलं, आणि सुपरवायझर म्हणून मी रुजू झाल्यावर माझंही फिरलं असं ठरलं.

वाईनची द्राक्षं खायची नसतात, हे सांगण्यात माझी निम्मी नोकरी गेली. मणी वाटाण्याएवढा, साल जाड, आत बियाच बिया. येणारा प्रत्येक पाहुणा एक मणी तोंडात टाकतो आणि लगेच थुंकतो. "हे का वो बाई! हे तं जंगली हाय." जाड सालीतच रंग आणि चव असते, म्हणून मणी लहानच हवा, हे मी सांगते. तोवर पाहुण्याची नजर दुसरीकडं गेलेली असते. हट्टा गावाकडचे एक रिटायर काका तर दर रविवारी धोतराआड स्टीलचा लोटा घेऊन यायचे.

"थोडीशी दे न पोरी. औषधाले पाहिजे."

"काका, इथं दारू नसते."

"मंग फाटकावर वाईन काहून लिवलं?"

"वाईनची द्राक्षं असं लिवलं आहे."

"तेच तं म्हणून राह्यलो मी," असं म्हणून ते चिंचेखाली बसायचे. संध्याकाळी रिकामा लोटा घेऊन परत. हे त्यांनी दोन वर्षं केलं. ते वारले तेव्हा मला खरंच वाईट वाटलं.

घरी प्रकरण वेगळं होतं. माझे बाबा रोज सकाळी पंचशील म्हणतात, त्यातलं पाचवं दारूपासून दूर राहण्याचं. ते आईला म्हणायचे, "वंदना घेता घेता पोरीचं नाव वंदना ठेवलं, अन् तेच पोरगी दारूच्या बागेत." रागवायचे नाहीत, पण बागेत कधी पाऊल टाकलं नाही. मी डबा विसरले तर फाटकाबाहेर उभे राहून हाक मारायचे. मीही त्यांना आग्रह केला नाही. सांगायला हरकत नाही, एवढी वर्षं द्राक्षं पिकवूनही वाईन कशी लागते ते मला माहीत नाही. मणी चावून, बी कुरकुरीत झाली का, रंग तपकिरी आला का, हे मात्र डोळे मिटून सांगते.

आता उन्हाचं सांगते, कारण सगळी गोष्ट त्याचीच आहे. आमच्याकडे पावसाळा सरला की वेल छाटायचे आणि शिमग्याच्या आधी घड काढायचे, असा बेत. त्या थंड दिवसांत मणी हळूहळू पिकतो. ऊन लवकर आलं तर साखर भसकन वाढते, आंबटपणा पळून जातो आणि बी कच्चीच राहते. दिसायला पिकलेला, पण पिकलेला नाही. ज्या वर्षाचं मी लिहिते आहे, त्या वर्षी माघातच लू, वैशाखातला तो गरम वारा, सुटल्यासारखं झालं. आणि बागेचं ते पहिलंच खरं पीक होतं.

शेठजी म्हणाले, पाणी सोड भरपूर. मी नाही म्हटलं. आमची बोअर आणि गावची बोअर एकाच पोटातलं पाणी ओढतात. बागेत पाट वाहायचे आणि बायांनी हंडे घेऊन फिरायचं, अशी बाग मला नको होती. त्याऐवजी मी सगळ्या ओळींखाली धानाचं तणस, म्हणजे मळणीनंतरचा पेंढा, अंथरलं. आमच्याकडे धान काढल्यावर तणसाला तोटा नसतो, कित्येक जण शेतातच जाळून टाकतात. ते विकत नाही, मागून आणलं. ओल टिकली. ठिबक फक्त पहाटे चालू ठेवलं. पश्चिमेकडची पानं तोडू दिली नाहीत, म्हणजे दुपारचं ऊन घडांवर न पडता पानांवर पडायचं. छाटलेल्या काड्या जाळल्या नाहीत, तुकडे करून तिथंच टाकल्या. कडेची एक ओळ पाखरांना सोडली, म्हणजे ती आत येत नाहीत असं माझं म्हणणं. पाखरांचं म्हणणं वेगळं होतं, ती दोन्हीकडे खात.

तोडणीला बाया हव्या होत्या. सुमनमावशी आमच्या वस्तीतल्या. धान कापणाऱ्या बायांची टोळी त्यांच्या हाताखाली. त्यांचा सगळ्यांचा दरवर्षीचा नेम म्हणजे धान संपलं की ठेकेदाराच्या गाडीत बसून नागपूरकडं विटाभट्टीवर जायचं, ते थेट पावसाच्या तोंडी परत. सून, मुलं, भांडी, सगळं बरोबर. मावशींची नात पिंकी तेव्हा नववीला होती. भट्टीवर गेली की तिची शाळा अर्धी बुडायची, आणि पुढच्या वर्षी दहावी. त्या वर्षी माझ्या शब्दावर टोळी तोडणीसाठी थांबली होती. मावशी मला म्हणाल्या होत्या, "तुह्या बागेचं काम दरसाल राह्यलं न वंदू, तं मी नाही जात भट्टीवर. पोरगी इथंच दहावी करन."

दरसाल राहणं माझ्या हातात नव्हतं. माल घेणारी छोटी वायनरी नागपूरच्या अलीकडे होती. तिथले वाईन बनवणारे कुलकर्णी साहेब पुण्याचे, मनाने चांगले, बोलायला स्पष्ट. त्यांनी आधीच सांगितलं होतं, "इतक्या उन्हात इतक्या लांबून माल आणणं परवडतं का, ते या पिकावर ठरवू. शिजलेली द्राक्षं आली तर पुढच्या वर्षी ट्रक येणार नाही." शेठजी त्याच्या पुढचं बोलले, "ट्रक नाही तं बाग नाही. जेसीबी लावतो, परत धान."

तोडणी उजाडता उजाडता सुरू करायची आणि ऊन अंगावर यायच्या आत संपवायची. थंड मणी प्रवास सोसतो, तापलेला वाटेतच आंबायला लागतो. बायांना मी आदल्या दिवशी शिकवलं होतं. घड देठाला धरायचा, कात्रीनं कापायचा, क्रेटमध्ये हलकेच ठेवायचा, क्रेट वेलाच्या सावलीत. विळ्याच्या हातांना कात्री खेळण्यासारखी वाटली. मावशी म्हणाल्या, "हे तं न्हाव्याचं काम हाय." सगळ्या हसल्या. पण हात असे चालले की मी बघत राहिले.

थोडे क्रेट आमच्याकडे होते, बाकीचे रिकामे क्रेट ट्रकमधूनच यायचे होते. ट्रक रात्रीच निघालेला. उजाडून गेलं तरी पत्ता नाही, म्हणून मी रस्त्यावर गेले आणि ड्रायव्हरला फोन लावला.

"मॅडम, मी कवाचा कटंगीत उभा हावो. तुमची बाग कोठी हाय?"

"मीही कटंगीतच उभी आहे. समोर काय दिसते तुम्हाले?"

"रसगुल्ल्याचे दुकानं."

आमच्या कटंगीत धान दिसतं, बैल दिसतात, तुमसरच्या बस दिसतात. रसगुल्ल्यांनी प्रसिद्ध ती कटंगी जबलपूरकडची. मोबाइलच्या नकाशानं त्याला तिकडं नेऊन उभं केलं होतं.

"भाऊ, ते दुसरी कटंगी होय."

पलीकडे त्यानं कोणाला तरी विचारून खात्री केली. मग, "तं मंग मॅडम, संध्याकाळपावतर येतो न मी."

त्याला रस्ता समजावून, शेठजींना कळवून, इकडं गावात क्रेट मिळतात का विचारून मी परत आले, तोवर ऊन चांगलंच वर आलेलं. फाटकातून आत शिरले आणि जागीच थांबले.

सगळ्या ओळींमध्ये तणसावर द्राक्षं पसरलेली. सगळ्या घडांचे देठ एकाच बाजूला, एकाला लागून एक, सरळ रेघेत. काळेभोर घड पिवळ्या तणसावर, उघड्या उन्हात. आणि बाया पुढं कापतच होत्या.

"मावशी! हे काय केलं वो?"

मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "कडपा टाकल्या."

धानाच्या मुलखाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे धान कापलं की लगेच बांधत नाहीत. कापलेलं तिथंच ओळीनं जमिनीवर टाकतात, उन्हात वाळू देतात, मग भारे बांधतात. त्या टाकलेल्या धानाला म्हणायचं कडपा. गाडी आली नाही म्हणून कोणी कापणी थांबवत नाही. कडपा टाकतात आणि पुढं जातात.

"काहून टाकल्या पण?"

"क्रेट सरले. मंग का हात बांधून बसाव? तूच म्हणली न, ऊन यायच्या आत सरलं पाहिजे. सरवत आणलं आमी." मग माझा चेहरा पाहून त्यांचा आवाज खाली आला. "काहून वं? चुकलं का?"

मी म्हटलं, "पहिले कात्र्या खाली ठेवा सगळ्या जणी. मंग सांगतो."

एक घड उचलला. तापलेला, एका बाजूला मणी मऊ. क्रेटमध्ये होते त्याच्या दुपटीनं खाली पडले होते. मी सांगितलं की द्राक्ष वाळवायचं नसतं, तापलं तर साहेब घेणार नाहीत, आणि साहेबांनी घेतलं नाही तर ट्रक पुढच्या वर्षी येणार नाही. मावशी खाली बसल्या आणि पदरानं एका घडावर सावली धरली. त्या एका घडावर.

"मंग पुढच्या साली पिंकीले नेवा लागन भट्टीवर," त्या म्हणाल्या. मला नाही, त्या घडालाच सांगितल्यासारखं.

मी कुलकर्णी साहेबांना फोन लावला. हातात घड होता, म्हणून फोन स्पीकरवर. ट्रक चुकल्याचं सांगितलं आणि घाईत तोंडातून घरचंच निघालं, "साहेब, बाकीच्या द्राक्षांच्या कडपा पडल्या आहेत."

"कडप्प्यावर ठेवलीत? वा, उत्तम! दगड थंडगार असतो. राहू द्या तिथंच."

बायांचे चेहरे उजळले. "पाह्य! साहेब उत्तम म्हणते!"

पुण्याकडं स्वयंपाकाच्या ओट्याला काळा गुळगुळीत दगड लावतात, त्याला कडप्पा म्हणतात. साहेबांच्या डोळ्यांपुढं माझी द्राक्षं कुठल्या तरी गार ओट्यावर विसावली होती. मला हसूही येईना आणि रडूही.

"साहेब, दगड नाही. कडपा. धानाच्या असतात तशा. जमिनीवर. उन्हात."

मग ते हळू म्हणाले, "उन्हात. बरं. सावलीत न्या, एकावर एक रचू नका. उद्या सकाळी मी स्वतः येतो. आत्ता काही बोलत नाही."

न बोलणंच वाईट होतं.

बागेच्या मागं शेठजींचं जुनं धानाचं कोठार होतं. मातीच्या भिंती, वर कवेलू म्हणजे कौलं, आत मडक्यासारखं गार. तिथं नेऊन तणसावर एकेरी पसरायचं ठरलं. पण न्यायचं कशात? क्रेट नाहीत, पोत्यात घातलं तर चिरडतं. मावशींनी टोळीतल्या एकीला वस्तीत पिटाळलं, घरोघरच्या टोपल्या आणायला. थोड्या वेळानं फाटकाशी गर्दी झाली. बाया, म्हातारे, डोक्यावर बांबूच्या टोपल्या. त्यांच्यात माझे बाबा. दोन्ही हातांत दोन टोपल्या.

ते फाटकाशी थांबले. नेहमी थांबायचे तिथंच. मावशीच ओरडल्या, "ओ भाऊ, या न आत! का तुमच्यासाठी फाटक बाहेर आणाव?"

बाबांनी चपला काढल्या, का कोण जाणे, आणि आत आले. माझ्यासमोरून जाताना एवढंच म्हणाले, "आत्ता तं फळच हाय न."

"हौ बाबा. फळच आहे."

ऊन डोक्यावर यायच्या आत बाग रिकामी झाली. कोठाराच्या दारांवर ओली पोती लावली. भरलेले क्रेटही आत आणले. दुपारी बाया घरी गेल्या नाहीत. बसून एकेक घड हातात घेऊन फुटलेले मणी काढत राहिल्या, कारण एक फुटका मणी शेजारच्यांना आंबवतो. गप्पा नाहीत, टोमणे नाहीत.

ट्रक दिवस मावळताना आला. ड्रायव्हर खाली उतरला तो हातात मडकं घेऊन. "मॅडम, रागवू नका. रसगुल्ले आणले." मावशी त्याच्याकडं बघून म्हणाल्या, "मेल्या, कटंगी चुकला तं चुकला, पण खाऊ आणाची अक्कल हाय तुले." तेव्हा कुठं सगळ्या हसल्या.

सकाळी कुलकर्णी साहेब आले. क्रेटमधली द्राक्षं बघितली, नळीसारखं यंत्र असतं त्यात रसाचा थेंब टाकून साखर मोजली, मणी चावला. "ही चांगली आहेत," म्हणाले. "ऊन बघता फारच चांगली. पानं राखलीत ना?" मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू, मान ताठ झाली माझी.

मग कोठारात. बाया भिंतीला लागून उभ्या. साहेबांनी एक घड उचलला, वास घेतला, मणी तोंडात टाकला. सगळ्या त्यांच्या जबड्याकडे बघत होत्या. त्यांनी बिया तळहातावर काढल्या, उजेडात धरल्या.

"यातली बरीच फेकावी लागतील."

"अन् बाकीची?" मी विचारलं.

"बाकीची इथंच राहू द्या. अशीच, एकेरी. अजून सुकू द्यात. थोडीच वाईन होईल, पण गोड होईल." ते बायांकडे वळले. "परदेशात काही ठिकाणी अशीच द्राक्षं गवतावर वाळवतात."

मावशी पुढं आल्या. "म्हंजे तिकडं बी कडपा टाकतेत?"

"टाकतात, पण सावलीत. आणि मुद्दाम."

"आमी बी मुद्दामच टाकल्या साहेब. हातातून थोड्याच पडल्या?"

साहेब हसले. पण मी पुढच्या वर्षीच्या ट्रकचं विचारलं तेव्हा म्हणाले, "ते आत्ता नाही सांगता येणार. आधी वाईन होऊ दे."

फेकावी लागली ती द्राक्षं मी वेलांखाली खतात पुरली. त्याची हळहळ अजून आहे. वर्षभर जपलेला घड हातानं मातीत घालायचा, हे कॉलेजात कोणी शिकवत नाही. उन्हाळा त्यानंतरही दरवर्षी लवकरच येतो आहे. पश्चिमेच्या काही ओळी त्यानं खाल्ल्याच. तणस आणि पानं यांनी किती दिवस धकेल, हे मला माहीत नाही, आणि माहीत असल्याचा आव मी आणत नाही.

तो पावसाळा लांबला. शेठजींनी जेसीबीवाल्याशी बोलणं करून ठेवलं होतं. छाटणीचे दिवस आले, आणि छाटायची की उपटायची ते ठरेना. मावशी रोज काही ना काही निमित्तानं फाटकाशी यायच्या, कधी विळ्याला धार लावायला, कधी चिंचा वेचायला. वेलांकडं बघायच्या, माझ्याकडं बघायच्या, विचारायच्या नाहीत.

एका दुपारी त्या तिथंच असताना साहेबांचा फोन आला. मी मुद्दाम स्पीकर लावला.

"वंदनाबाई, छाटणी सुरू केलीत का? ट्रकचं ठरवायचं आहे. ड्रायव्हरला आता बरोबर कटंगी माहीत आहे. आणि हो, कोठारातली ती वाईन छान झाली. यंदा कडप्प्यासाठी किती ओळी ठेवायच्या?"

मी काही बोलायच्या आत मावशींनी फोन हातातून घेतला.

"साहेब, कडप्पा तुमच्या ओट्यावर. आमच्या इथं कडपा म्हन्तेत."

"बरं, कडपा," साहेब म्हणाले.

"हौ. अस्सं."

दिवाळी झाली आणि विटाभट्टीचा ठेकेदार नेहमीसारखा वस्तीत आला. मावशींच्या दारात गाडी उभी करून हॉर्न वाजवला. मी समोरच होते. ओसरीवर पिंकी पुस्तक घेऊन बसलेली, मावशी सूप पाखडत होत्या. त्यांनी मान वर करून बघितलंही नाही.

"औंदा नाही भाऊ," त्या म्हणाल्या. "औंदा आमच्या कडपा हायत."